मेंढीकोट स्पर्धा: पानं वाटायच्या आधी नियम ठरवा

बी-३०४: सेक्रेटरी साहेब, सोसायटीच्या मेंढीकोटच्या पत्त्यांच्या स्पर्धेची नावं घ्यायला सुरुवात केलीत, छान. पण नियमांचं काय? गेल्या वर्षीसारखं "आपलीच माणसं आहेत, बघू" हे यंदा चालणार नाही. नियम ग्रुपवर आले की आम्ही नाव पक्कं करू.

ए-६०२ (सेक्रेटरी): ताई, नमस्कार. मैत्रीपूर्ण स्पर्धा आहे, खेळीमेळीत घेऊ. तुमची धरून ११ जोड्या झाल्या आहेत. सूचनांचं स्वागत 🙏

सी-१०१ काका: आधी एक ठरवा. हुकूम बंद, म्हणजे आधीच लपवून ठेवलेला, की कट, म्हणजे खेळता खेळता ठरणारा?

बी-३०४: गेल्या वर्षीही खेळीमेळीतच चाललं होतं साहेब. अकराव्या हातापर्यंत, म्हणजे चौघांनी अकराव्यांदा एकेक पान टाकेपर्यंत.

ए-२०५: झालं सुरू. वर्ष उलटलं तरी तेच. हरणं पचवायलाही शिकावं माणसानं.

बी-३०४: हरण्याचं नाहीच. बदाम हुकूम होता. वरची चारही पानं निघून गेली म्हणून माझ्या भिडूनं इस्पिकची मेंढी, म्हणजे दश्शी, उतरवली. तुम्ही इस्पिक नाही असं दाखवून बदामाचा चव्वा मारलात. आणि तेराव्या हाताला तुमच्याच हातून इस्पिकची अठ्ठी टेबलावर आली. तिचा एक कोपरा दुमडलेला होता, अजून डोळ्यांसमोर आहे. ती मेंढी आमच्याकडे राहती तर दोन-दोन झाल्या असत्या आणि हात आमचे सात होते, म्हणजे डाव आमचा.

ए-२०५: चष्म्याचा नंबर बदलला होता, तेव्हाही सांगितलं होतं. पत्त्यांच्या त्या मळलेल्या कॅटमध्ये इस्पिक आणि किलवर सारखेच दिसत होते. मुद्दाम केलं असं म्हणायचं असेल तर सरळ म्हणा.

बी-३०४: मुद्दाम केलं असं मी एकदाही म्हटलेलं नाही. चूक कोणाचीही होते. झाल्यावर काय करायचं हे कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून ज्याचा आवाज मोठा त्याचा निकाल लागला. त्या दिवसापासून आपण लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलत नाही. याचं मला वाईट वाटतं.

ए-७०४: म्हणजे लिफ्टमध्येसुद्धा कोट चढला 😄

बी-३०४: दादा, थट्टा नको.

ए-३०१: स्पर्धेच्या दिवशी बाहेरच्या पाहुण्यांच्या गाड्या आमच्या पार्किंगमध्ये लावल्या होत्या, त्याबद्दल कोणी नियम करणार का?

ए-६०२ (सेक्रेटरी): तो विषय वेगळा आहे, कृपया इथे नको.

ए-३०१: आमचा विषय नेहमी वेगळाच असतो.

सी-४०३: मी थोडं ब्रिज खेळतो. तिथे रंग असून न देण्याची चूक कधी पक्की होते ते ठरलेलं आहे. चूक करणाऱ्यानं किंवा त्याच्या भिडूनं पुढच्या हातात पान खेळलं की पक्की. त्याआधी लक्षात आलं तर चुकीचं पान परत घेऊन रंगाचं पान द्यायचं. पक्की झाल्यावर जिंकलेले हात समोरच्या जोडीकडे जातात, किती ते परिस्थितीवर. आपल्याला एवढं किचकट नको. चूक पक्की झाली आणि त्या हातात मेंढी असेल, तर हात मेंढीसकट समोरच्या जोडीचा. मेंढी नसेल तर फक्त हात. चूक नंतर सापडली तरी हेच, मात्र पुढचा डाव वाटायच्या आधी सांगायचं.

बी-१०२ आजी: हे चांगलं आहे बाळा. नाहीतर एका पानासाठी अख्खा डाव देऊन टाका म्हणतात लोक. आमच्या वयाला ते फार होतं.

बी-३०४: मला मान्य. पण चूक सापडायची कशी? गेल्या वेळी सगळे हात एकाच ढिगात होते. कोणाचं पान कोणत्या हातातलं हे कळेना. जिंकलेला हात उलटा, एक आडवा एक उभा असा रचायचा. मेंढ्या मात्र सुलट, सगळ्यांना दिसतील अशा.

सी-१०१ काका: हुकूम बंद की कट, हे ठरल्याशिवाय बाकीच्याला अर्थ नाही.

ए-६०२ (सेक्रेटरी): काका, घेतो नोंद.

ए-२०५: रचून ठेवण्याला माझी हरकत नाही. उलट मीच म्हणतो, मोठ्या आकड्यांचे नवीन कॅट आणा. आणि पंच खेळणारा नको. गेल्या वेळी पंच सेक्रेटरी होते, आणि त्याच गटात ते स्वतः खेळत होते.

ए-६०२ (सेक्रेटरी): मी निःपक्षपातीच होतो. ज्यांना शंका असेल त्यांनी पुराव्यानिशी बोलावं.

ए-७०४: साहेब, शंका नाही. तुम्ही चौथ्या फेरीत हरलात, यापेक्षा मोठा पुरावा कोणता? 😄

ए-६०२ (सेक्रेटरी): धन्यवाद.

सी-७०२: उद्या पाण्याची टाकी साफ होणार आहे, सकाळी पाणी बंद. चुकून दुसऱ्या ग्रुपवर टाकत होतो.

ए-७०४: टाकीसुद्धा पिसून घ्या.

सी-४०३: पिसण्यावरून आठवलं. अर्धा-अर्धा कॅट धरून कडा एकमेकांत सोडत पिसतात, त्या पद्धतीनं ५२ पानं नीट मिसळायला साधारण सात वेळा पिसावं लागतं. १९९२ मध्ये दोन गणितज्ञांनी ते दाखवलं. वरची पानं खाली सरकवत चार वेळा हलवणं म्हणजे जवळजवळ काहीच न करणं. मागच्या डावातले हात तसेच चिकटून येतात आणि मग लोक म्हणतात की वाटणाऱ्यानं लावून वाटलं.

बी-३०४: हो, हेही झालंय. कोणाबद्दल ते लिहीत नाही.

ए-२०५: लिहा की. कळू दे.

बी-१०२ आजी: मुलांनो, पुरे.

सी-४०३: नशिबाचंही बघा. चार मेंढ्या दोन जोड्यांत वाटल्या जातात तेव्हा दोन-दोन येण्याची शक्यता १०० पैकी ३९, तीन-एक येण्याची ५०, आणि चारही एकाच जोडीला येण्याची ११. म्हणजे साधारण नऊ डावांत एकदा एका बाजूला आयत्या चार मेंढ्या वाटून येतात. राखायला लागतात हे खरं, पण फायदा मोठा. म्हणून एकाच डावावर कोणाला बाद करू नका. प्रत्येक लढत निदान ४ डावांची हवी, म्हणजे चौघंही एकेकदा वाटतात. घरी आपण हरणाऱ्या जोडीला वाटायला लावतो, पण स्पर्धेत ते नको. हरणारा वाटतच बसतो आणि समोरच्याला उतारी, म्हणजे पहिलं पान टाकायची संधी, मिळत राहते.

सी-१०१ काका: हे सगळं बरोबर. पण हुकूम?

ए-३०१: पार्किंग?

ए-६०२ (सेक्रेटरी): गुण असे ठेवू का? डाव जिंकला १, मेंढीकोट म्हणजे चारही मेंढ्या २, बावन्नी म्हणजे तेराही हात ३. गुण सारखे झाले तर आपसातली लढत, मग मेंढीकोट किती, मग एकूण मेंढ्या. तरीही सारखे असतील तर एक डाव आणखी.

बी-३०४: मान्य. आणि गुण दोन्ही जोड्यांनी लिहायचे, खाली दोघांच्या सह्या. गेल्या वर्षी कागदावर ६ चा ८ झाला होता. तो ओरखडा फोटोत दिसतो, पाहिजे तर टाकते.

ए-२०५: ते पेन गळत होतं.

बी-३०४: म्हणूनच सह्या म्हटलं.

बी-५०१: आणि खाणाखुणा? काही जोड्या नाक खाजवलं की इस्पिक, केस मागे घेतले की बदाम. नाव घेत नाही, पण सगळ्यांना माहीत आहे.

ए-७०४: म्हणजे आता सर्दी झालेल्यानं यायचंच नाही?

सी-४०३: हा प्रश्न जगभर आहे. ब्रिजच्या १९७५ च्या बर्म्युडा बोल स्पर्धेत भिडूंना एकमेकांचे चेहरे दिसू नयेत म्हणून टेबलावर आडवे पडदे लावले होते. तेव्हा एका जोडीवर पायानं खुणा केल्याचा आरोप झाला, मग टेबलाखालीही आडोसा करावा लागला. आपल्याला पडदे नकोत. कोणतं पान खेळतो त्यावरून भिडूला काय कळायचं ते कळू दे, तोच तर खेळ आहे. बोलणं, सुस्कारे, पान आपटणं आणि हातवारे बंद. पहिल्यांदा पंचांनी समज द्यायची, दुसऱ्यांदा त्या डावाचा गुण समोरच्याला.

बी-५०१: सुस्कारेसुद्धा?

सी-४०३: सुस्कारा ही सगळ्यात जुनी खूण आहे काकू.

ए-२०५: मला एक सांगायचंय. माझा भिडू बदली होऊन गेला. माझं नाव यादीत आहे ते एकट्याचं. ११ म्हणताय त्यातली एक जोडी अर्धीच आहे.

ए-६०२ (सेक्रेटरी): अरे, मग अडचण आहे. जोड्या १० च होतात. शिवाय बी-५०२ पण एकटे आहेत, त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. ज्यांना भिडू नाही त्यांच्यासाठी चिठ्ठ्या टाकू?

बी-५०१: चिठ्ठ्या सगळ्यांच्याच टाका! नवरा-बायको जोडीला वर्षानुवर्षांचा सराव असतो.

बी-३०४: काकू, सराव असणं गुन्हा आहे का? आम्ही भांडत भांडतच शिकलो. जोड्या आपल्या आपण राहू द्या, सुट्यांच्या चिठ्ठ्या टाका.

बी-१०२ आजी: मी सुटी आहे. हे गेल्यापासून मी पत्ते हातात घेतले नाहीत. आमचे हे मेंढी अशी लपवायचे की शेवटच्या हातापर्यंत मलाही कळायचं नाही. २०५ ना चालत असेल तर मी त्यांच्यासोबत बसते. मला लांबचं दिसत नाही, त्यांना जवळचं. मिळून होईल.

ए-२०५: आजी, तुम्ही बसणार असाल तर माझं भाग्य. पानं मी हळू टाकेन, रंगही मोठ्यानं सांगत जाईन.

सी-४०३: रंग मोठ्यानं सांगायचा असेल तर चौघांनीही सांगायचा. हा नियम सगळ्या टेबलांना लावू, चांगला आहे.

ए-६०२ (सेक्रेटरी): ए-२०५ आणि आजी ही ११ वी जोडी. बी-५०२ ना भिडू मिळाला की १२. मग ६-६ जोड्यांचे दोन गट. प्रत्येक गटात ५ फेऱ्या, १५ लढती. गटातल्या पहिल्या दोन जोड्या उपांत्य फेरीत. सगळ्यांशी सगळे खेळायचं म्हटलं तर ६६ लढती होतील, ते एका संध्याकाळी जमणार नाही.

सी-४०३: बी-५०२ काकांसोबत माझी धाकटी बहीण बसेल. आणि पंच मी होतो, म्हणजे मी खेळत नाही.

ए-७०४: पंचाला लाच म्हणून काय चालतं? 😄

सी-४०३: शांतता.

बी-३०४: पंच न खेळणारा आहे, आता आमचं नाव पक्कं. आजी, आमच्या गटात आलात तर बरं होईल. ए-२०५, मोठ्या आकड्यांचे कॅट आणायची सूचना तुमची होती, चांगली होती.

ए-२०५: ठीक आहे. चष्मा नवीन केलाय, कळवतो.

ए-६०२ (सेक्रेटरी): आज रात्री सगळे नियम एका कागदावर लिहून टाकतो. ज्यांना हरकत असेल त्यांनी उद्या रात्री ९ पर्यंत सांगावं. नंतरचं ऐकलं जाणार नाही.

सी-१०१ काका: त्या कागदावर पहिल्या ओळीत हुकूम येणार आहे ना?

ए-६०२ (सेक्रेटरी): काका, कट. ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही तो पहिला जे पान टाकेल, तो रंग हुकूम. बंद हुकुमात "उघडा" म्हटल्यावर हुकूम मारलाच पाहिजे की नाही, यावर दर घरी वेगळं म्हणणं आहे. ते भांडण नको.

सी-१०१ काका: कट चांगला. मी तेच म्हणत होतो. पण बाराव्या हातापर्यंत सगळ्यांनी रंग दिला आणि हुकूम पडलाच नाही, तर?