१९५० च्या अमेरिकेत बायका घटस्फोटासाठी नेवाडा राज्यातल्या रीनो शहरालाच का जायच्या?

जुन्या फोटोंत रीनोच्या कोर्टाबाहेर बायका दिसतात. आपापल्या राज्यात का नाही घ्यायच्या घटस्फोट?

उत्तर १: अहो, न्यूयॉर्कमध्ये तेव्हा व्यभिचार सिद्ध केल्याशिवाय घटस्फोटच नव्हता, कायदा बदलला १९६६ ला, म्हणून लोक हॉटेलात खोटे फोटो काढून पुरावा उभा करायचे (नवराबायको दोघं मिळून बरं का!). नेवाडाने १९३१ मध्ये घटस्फोटासाठी तिथे राहण्याची अट सहा आठवड्यांवर आणली, मग काय, बॅग भरायची आणि रीनो गाठायचं. 'मानसिक छळ' एवढं कारण चालायचं, सुनावणी काही मिनिटांत आटोपायची. फक्त ही बाई इथेच राहिली अशी साक्ष लागायची, ती घरमालकीण किंवा रँचवालं (गुरांच्या मोठ्या शेतावर पाहुणे ठेवणारं) कुणी द्यायचं.

उत्तर २: पण हे पैसेवाल्यांचं हो. सहा आठवड्यांचं भाडं, वकिलाची फी, गरीब बाईने कुठून आणायची?

उत्तर ३: काहीजणी तिथेच नोकरी धरून राहायच्या की. खरी अडचण परत गेल्यावर, बँका एकट्या बाईला क्रेडिट द्यायला कां-कूं करायच्या, त्यावर कायदा आला थेट १९७४ ला.