वर्दी सोडल्यानंतर: पुण्यातल्या माजी पोलिसांनो, तुमचे अनुभव लिहा

२०२० मध्ये मी राजीनामा दिला तेव्हा शिपाई म्हणून माझी ११ वर्षं झाली होती. मुलगी सहा वर्षांची, नवरा चाकणला शिफ्टमध्ये, सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन तोंडावर. अर्ज दिला त्या दिवशी ठाण्यातल्या एका जुन्या हवालदारकाकांनी विचारलं, "पोरी, पुढं काय करणार?" मला उत्तर देता आलं नाही. पोलीस लाईनीत (वसाहतीत) ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, सिक्युरिटी बघ. याहून वेगळं काही केलेली माणसं असणार हे कळत होतं, पण त्यांच्यापर्यंत पोचायचं कसं ते कळत नव्हतं.

म्हणून हे आवाहन. निवृत्त झालेले, स्वेच्छानिवृत्ती घेतलेले, राजीनामा दिलेले आणि त्यांच्या घरचे, सगळ्यांनी लिहा. काय काम धरलं, पैशाचं काय झालं, कागदांत कुठे अडकलात, कुठे फसलात. कंपनीचं किंवा माणसाचं नाव नको. माझ्यापासून सुरुवात करते.

मी हिंजवडीत एका आयटी कंपनीच्या ट्रान्सपोर्ट डेस्कवर आहे. रात्रपाळीच्या मुलींना घरी सोडणाऱ्या गाड्या बघते. २००७ मध्ये पुण्यात एका बीपीओतल्या मुलीवर कंपनीच्याच कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला होता. तेव्हा मी भरतीची तयारी करत होते, ती बातमी वाचून रात्रभर झोपले नव्हते. आता शेवटी उतरणारी मुलगी असेल तर गाडीत गार्ड आहे का, तिच्या घराचं दार लागेपर्यंत गाडी थांबली का, हे बघणं माझं काम. एकदा रात्री २.१० ला वाकडच्या पुलाजवळ एक गाडी सात मिनिटं हलली नाही. चालक म्हणाला, पंक्चर आहे. मी म्हटलं, "मॅडमकडे फोन द्या." दुसरी गाडी येईपर्यंत मी त्या मुलीशी बोलत राहिले, तिच्या आईच्या हातच्या पुरणपोळीबद्दल. सकाळी रजिस्टरला सगळं वेळेसकट लिहिलं, ठाणे अंमलदार डायरीला लिहितात तसं. ही सवय खात्याची, आणि तिच्यामुळेच मला बढती मिळाली.

चूक कुठे झाली तेही सांगते. मी २००९ च्या भरतीची, म्हणजे जुनी पेन्शन नाही, एनपीएस ही नवी पेन्शन योजना, पगारातून कापून साठवलेल्या पैशांची. एनपीएसमधून मुदतीआधी बाहेर पडल्यामुळे साठलेल्या रकमेचे ८० टक्के ॲन्युइटीत (एकरकमी पैसे ठेवून पुढे ठरावीक पेन्शन देणाऱ्या योजनेत) अडकवावे लागले, हातात थोडेच आले. मी त्या पैशांवर मुलीच्या शाळेचा हिशोब मांडला होता. पोलीस कुटुंब आरोग्य योजनेचं कार्डही नोकरीबरोबर गेलं आणि सासूबाईंचं ऑपरेशन खिशातून करावं लागलं. दोन महिने थांबून आधी ऑपरेशन केलं असतं तर कर्ज झालं नसतं.

निवृत्त सहायक फौजदार, बाणेर

ताई, सिक्युरिटीत जाणाऱ्यांसाठी मी लिहितो, कारण निम्मे लोक तिकडेच जातात आणि त्यांना नीट कोणी सांगत नाही.

३४ वर्षं नोकरी केली, शेवटची सहा कोर्ट पैरवीला, म्हणजे पोलिसांच्या वतीने कोर्टात खटल्यांचा पाठपुरावा. ५८ पूर्ण झाली, निरोप समारंभ झाला, शाल-श्रीफळ घेऊन घरी आलो. महिनाभरात बायको म्हणाली, "तुम्ही दारात उभे राहून रस्ता बघता, मला बघवत नाही." एका एजन्सीत सुपरवायझर म्हणून लागलो. गणवेशाचे दीड हजार कापले, नेमणूकपत्र दिलं नाही, पहिल्या महिन्याचा अर्धा पगार 'डिपॉझिट' म्हणून ठेवला. खासगी सुरक्षा एजन्सींचा कायदा २००५ चा आहे, एजन्सीला परवाना लागतो आणि गार्डला प्रशिक्षण लागतं. नव्या माणसाला वर्गात १०० तास आणि प्रत्यक्ष ६० तास, माजी पोलीस किंवा माजी सैनिकाला ४० आणि १६. मी परवाना दाखवा म्हटलं तर चार वेळा 'साहेब बाहेर आहेत' ऐकलं. सोडलं. अर्धा पगार अजून आलेला नाही. दुसऱ्या ठिकाणी जाताना आधी परवाना बघितला, पीएफची पावती बघितली, मग सही केली. तुम्हीही तसंच करा, माजी साहेबांच्या ओळखीवर जाऊ नका.

आता सोसायटीत आहे, ३२० फ्लॅट. पहिल्याच आठवड्यात एका मुलाने अग्निशमनाच्या गेटसमोर गाडी लावली. मी लाईनीतल्या आवाजात "ए, काढ ती गाडी!" म्हणालो. संध्याकाळी त्याच्या वडिलांची तक्रार. चेअरमनबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, "काका, तुमचं बरोबर होतं. पण घर त्यांचं आहे." रात्रभर ते डोक्यात होतं. ३४ वर्षं माझा आवाज लोकांनी वर्दीमुळे ऐकला की माझ्यामुळे, हा प्रश्न मला त्या रात्री पहिल्यांदा पडला. दुसऱ्या दिवशी त्या वडिलांना गाठून माझ्या जुन्या बीटमधली (हद्दीतली) एक आग सांगितली, गल्लीत लावलेल्या दुचाक्यांमुळे बंब आत आला नव्हता ती. त्यांनी गाडी हलवली. दोघेजण अजून तिथेच लावतात. त्यांना मी रोज सांगतो.

एमटी (मोटार ट्रान्सपोर्ट) विभागातला माजी चालक, हडपसर

२३ वर्षं गस्तीची मोबाईल व्हॅन आणि कैदी ने-आण करणाऱ्या पार्टीची गाडी चालवली. आता शाळेची बस चालवतो. पगार निम्म्याहून कमी. दुपारी ४.३० ला घरी असतो, रोज. मुलगा दहावीला आहे, त्याचं भूमितीचं पुस्तक मी आता उघडून बसतो. आणखी सांगण्यासारखं नाही.

वकील, पूर्वी पोलीस नाईक, शिवाजीनगर कोर्ट

खात्याची परवानगी घेऊन नोकरीत असतानाच तीन वर्षांचं एलएलबी केलं. सकाळचं कॉलेज, रात्रीची ड्युटी, परीक्षेच्या वेळी हटकून पालखी नाहीतर गणपती बंदोबस्त. नोकरी चालू असताना वकिलीची सनद घेता येत नाही, म्हणून २३ वर्षं झाल्यावर २०२१ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेतली. पेन्शन चालू आहे म्हणून सुरुवातीची तीन वर्षं तरलो. फौजदारी वकिलीत पहिल्या वर्षात घर चालेल या भरवशावर कोणी येऊ नये.

काम शिकायला मात्र वेळ लागला नाही. पंचनामा कुठे कच्चा राहतो, मुद्देमालाच्या सीलवर पंचाची सही का महत्त्वाची, जबाबातला कुठला शब्द लिहिणाऱ्याचा आणि कुठला साक्षीदाराचा, हे मला वाचताक्षणी दिसतं. "सदर इसम मिळून आल्याने" हे वाक्य मी स्वतः हजार वेळा लिहिलंय. पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २५ होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते २३ आहे. नव्या तीन फौजदारी कायद्यांमुळे सगळेच वकील पुन्हा विद्यार्थी झाले, त्यामुळे माझ्यासारख्या उशिरा आलेल्याला थोडी बरोबरीची संधी मिळाली.

अवघड गेलं ते वेगळं. मी आरोपीच्या बाजूने उभा राहिलो त्या दिवशी गेटवरच्या एका जुन्या सहकाऱ्याने मान फिरवली. बावीस वर्षांची ओळख, एका ताटात जेवलेले. ज्या अधिकाऱ्याबरोबर काम केलंय त्याच्या तपासातली केस मी घेत नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला. तरीही तो माणूस अजून चहाला थांबत नाही, आणि ते मला लागतं.

गेल्या पावसाळ्यात एक बाई स्टीलचा डबा पदराखाली धरून कोर्टाच्या बाकावर बसल्या होत्या. मुलगा चोरीच्या गुन्ह्यात. मला म्हणाल्या, "साहेब, एवढा डबा आत पोचल का?" लॉकअप ड्युटीवर असताना हाच प्रश्न मला किती जणींनी विचारला असेल. तेव्हा मी "कोर्टाची ऑर्डर आणा" म्हणून मोकळा व्हायचो. ऑर्डर कशी आणायची हे त्यांना माहीत नसतं, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. त्या दिवशी अर्ज मीच लिहिला. डबा गेला तेव्हा भाजी गार झाली होती.

निवृत्त हवालदार, धनकवडी

माझं वाचून कोणीतरी एक जण थांबला तरी पुरे.

२०१७ ला निवृत्त झालो. उपदान (ग्रॅच्युइटी), अंशराशीकरण (ते खाली सांगतो) आणि रजा रोखीकरण (शिल्लक रजेचे पैसे) असे तीन चेक आले. एवढे पैसे आयुष्यात एकत्र पाहिले नव्हते. पुतण्याबरोबर नऱ्ह्याला मिसळ सेंटर काढलं. जागा ११ महिन्यांच्या कराराने घेतली आणि फर्निचरला साडेसहा लाख घातले. धंदा बरा लागला होता. करार संपला तसा मालकाने भाडं दुप्पट सांगितलं. तो कायद्याने चुकला नाही, चुकलो मी. लोकांचे भाडेकरार ठाण्यात आयुष्यभर तपासले आणि स्वतःचा पाच वर्षांचा करून घेतला नाही. एकूण १४ लाख गेले.

अंशराशीकरण म्हणजे काय ते नीट समजून घ्या. पेन्शनचा जास्तीत जास्त ४० टक्के भाग विकून आज एकरकमी पैसे मिळतात आणि तेवढी पेन्शन १५ वर्षं कमी येते. मला ते फुकटचे पैसे वाटले. ती माझीच पुढची पेन्शन होती. आता लग्नसराईत एका मंगल कार्यालयात पार्किंग बघतो. पुतण्याशी बोलणं आहे, ते तुटू दिलं नाही.

पोलीस पत्नी, वानवडी

हे लिहीत नाहीत म्हणून मी लिहिते. यांनी तब्येतीमुळे २१ वर्षांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. साखर, बीपी, आणि झोप तर उडालेलीच. सोडल्यावर सहा महिने रात्री फोन वाजला की उठून पँट चढवायचे. मी म्हणायची, "अहो, कंपनीचा मेसेज आहे, झोपा."

पहिल्या वर्षी विसर्जन मिरवणूक बघायला सगळे मिळून गेलो. लग्नाला १८ वर्षं झाली होती आणि यांच्याबरोबर मी कधी लक्ष्मी रोडला उभी राहिले नव्हते. मिरवणुकीत हे नेहमी दोराच्या त्या बाजूला, दुसऱ्या दिवशी दुपारी घरी यायचे, पायाला फोड घेऊन. त्या दिवशी कसबा गणपती समोर आला आणि गर्दी पुढे सरकली. यांचे दोन्ही हात आपोआप आडवे झाले, "मागे सरका, मागे सरका." मुलीने हात धरून खाली घेतला आणि म्हणाली, "बाबा, दर्शन घ्या." यांनी हात जोडले. रडले.

आता भावाच्या किराणा दुकानात बसतात. गिऱ्हाईकाने घासाघीस केली की पहिल्यांदा राग यायचा. आता येत नाही असं म्हणणार नाही, पण रक्तातली साखर कमी आहे.

माजी शिपाई, कात्रज

पोलीस भरतीचं ग्राऊंड घेतो, म्हणजे मैदानी चाचणीची तयारी करून घेतो. पहाटे ५ ला ४० पोरं-पोरी येतात, बरीचशी बीड, सोलापूर, धाराशिवकडची, चौघांत एक खोली करून राहणारी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी ५० गुण, त्यात निम्मे पडले तरच लेखीचा दरवाजा उघडतो. खात्यात मी १४ वर्षं होतो, त्यामुळे पालकांना वाटतं माझी आत 'ओळख' आहे. एका वडिलांनी शेत विकायची तयारी दाखवली होती. मी त्यांना बसवून सांगितलं, काका, चिप लावून पळवतात, वेळ मशीन घेते, पैसे मागणारा तुम्हाला फसवतोय. ते दुसऱ्या कोणाकडे गेले. पोरगा मात्र माझ्याकडेच पळत राहिला आणि पुढच्या भरतीत लागला.

आणि एक. मी स्वतः तलाठी परीक्षेला विभागाच्या परवानगीशिवाय बसलो होतो. निवड झाली असती तरी आधीची सेवा जोडून मिळाली नसती. योग्य मार्गाने अर्ज केला असेल तरच ती जोडतात. पोरांना लागल्यावर पुढच्या परीक्षा द्यायच्या असतात, त्यांना हे पहिल्या दिवशी सांगतो.

सेवेत असलेला हवालदार

ताई, मी २००४ च्या भरतीचा, २१ वर्षं झाली. उरुळी कांचनजवळ सासऱ्यांची दीड एकर आहे, रोपवाटिका करायची आहे. राजीनाम्याचा अर्ज लिहून ठेवलाय. देऊ का?

माझं उत्तर

दादा, तो कागद आधी फाडा. राजीनामा दिला तर मागची सगळी सेवा आणि पेन्शन जाते. तुम्ही १ नोव्हेंबर २००५ च्या आधीचे, म्हणजे जुन्या पेन्शनचे. २० वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली की तीन महिन्यांची लेखी नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. अर्जात 'राजीनामा' हा शब्द कुठेही येऊ देऊ नका.

त्याआधी आस्थापना शाखेत जाऊन सेवापुस्तक (नोकरीची सगळी नोंद असते ते) बघा. विनावेतन असाधारण रजा, निलंबनाचा काळ, कुठे खंड पडलाय का, हे सगळं २१ वर्षांतून वजा होऊ शकतं आणि २० च्या खाली गेलात तर पंचाईत. विभागीय चौकशी चालू असेल तर तीही आधी मिटू द्या. घरात कोणाचं ऑपरेशन व्हायचं असेल तर ते उरकून घ्या. सातबारा सासऱ्यांच्या नावावर असेल तर वहिनींच्या भावांशी आत्ताच, सगळ्यांसमोर बोला.

आणि साप्ताहिक सुट्टीला पहाटे सोरतापवाडीच्या एखाद्या रोपवाटिकेत जाऊन मालकाला विचारा, दिवसभर हाताखाली राहू का म्हणून. पोलीस आहे हे सांगू नका. पिशव्या भरायला बसवतील, बसा.