सातवी झाली, आता हायस्कूल: सीमाभागातले अनुभव

आपल्याकडे कर्नाटकात मेअखेरीला शाळा उघडतात. महाराष्ट्रातल्या पाहुण्यांच्या मुलांची सुट्टी तेव्हा संपलेलीही नसते. यंदा ज्यांची मुलं गावची प्राथमिक शाळा सोडून आठवीला हायस्कूलला चाललीत, त्यांच्या उपयोगी पडावेत म्हणून हे अनुभव मागवते आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठूनही लिहा. घरात काय अडलं आणि कशानं सुटलं, तेवढं नेमकं सांगा.

माझ्यापासून सुरुवात. मुलाला सातवीपर्यंत दोनच बाई सगळं शिकवायच्या. आठवीत तासागणिक शिक्षक बदलले. अभ्यासापेक्षा कुठली वही कधी न्यायची, यातच तो गांगरून जायचा. रात्री वेळापत्रक बघून दप्तर भरायचं काम त्याच्यावरच सोपवलं, मी नुसती शेजारी बसायची. श्रावणापर्यंत बसली घडी.

आई, खानापूर तालुका (जंगलपट्टा)

आमच्या वाड्यावरची शाळा पाचवीपर्यंतच. सहावी-सातवीला पुढचं गाव, आठवीला तिसरी शाळा. म्हणजे पोरीला दोनदा सगळं नवं. पहिल्या खेपेला ती महिनाभर कुणाशी बोलली नाही, म्हणून दुसऱ्या वेळी आम्ही मे महिन्यातच हालचाल केली. ज्या बसनं तिला जायचं त्याच बसनं दोघी जाऊन आलो. स्टँडपासून शाळा किती लांब, पाणी कुठं, मुलींचं बाथरूम कुठं आणि त्याला आतून कडी आहे का, सगळं बघितलं. तेरा वर्षांची पोर, पाळी नुकतीच सुरू झालेली. कुणाला सांगायचं, पॅड कुणाकडं मिळतात, हे तिथल्या बाईंना मी स्वतः विचारून घेतलं. तिची अर्धी भीती तीच होती, पण तोंडानं कधी बोलली नव्हती.

2023 पासून शक्ती योजनेत पोरींना सरकारी बस फुकट झाली, नुसतं आधार कार्ड जवळ ठेवायचं. थोरल्या मुलाला मात्र पास काढावा लागायचा. खरा प्रश्न जुलैचा. नाल्याला पाणी चढलं की बस येत नाही. शाळेजवळ राहणाऱ्या मावशीकडं एक ड्रेस आणि वह्या ठेवूनच दिल्या, अडकली तर तिथंच मुक्काम. गावातली दहावीची एक मुलगी वर्षभर तिच्याबरोबर जायची. तिचे उपकार मी विसरणार नाही.

निवृत्त शिक्षक, बेळगाव तालुका

दाखल्यावर नाव आणि जन्मतारीख असते. ह्याला एका कानानं कमी ऐकू येतं, हिचे वडील दिवाळीत वारले, हा तोंडी हिशेब झटक्यात करतो पण लिहायला लागला की अडतो, हे त्यात कुठं येणार? म्हणून मी सातवीच्या प्रत्येक मुलाबद्दल चार ओळी लिहून हायस्कूलच्या वर्गशिक्षकांच्या हातात देत असे. मार्चमध्ये वर्ग घेऊन एकदा तिथं जायचो. मुलं प्रयोगशाळा बघायची, आमचेच जुने विद्यार्थी त्यांना मैदान दाखवायचे. याला पैसा लागत नाही, दोन्हीकडच्या शिक्षकांनी बोलायचं ठरवावं लागतं.

शाळा उघडल्यावर कर्नाटकात सेतुबंध असतो, म्हणजे मागच्या अभ्यासाची उजळणी. आधी पूर्वपरीक्षा, मग मागच्या इयत्तेतलं कच्चं राहिलेलं शिकवायचं, शेवटी ते जमलं का बघायला साफल्य परीक्षा. पालकांनो, त्या पूर्वपरीक्षेचा पेपर मागून बघा. अपूर्णांक कच्चे असताना मूल बीजगणितात ढकललं गेलं, तर दहावीपर्यंत ते गणिताला भीतच राहतं. माझ्या डोळ्यांसमोर अशी हुशार मुलं गणितात मागे पडली आहेत.

वडील, बेळगाव शहर (मूळ गडहिंग्लज)

तिकडं महाराष्ट्रात बऱ्याच माध्यमिक शाळा पाचवीपासून असतात. माझा मुलगा हायस्कूलचा झाला होता, इकडं आल्यावर सहावीला पुन्हा प्राथमिक शाळेत. ते त्याला फार लागलं. त्यात कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं आणि वर्गातली मुलं झरझर वाचायची. शेजारच्या कन्नड आजी संध्याकाळी त्याला कट्ट्यावर घेऊन बसायच्या. आधी कागुणित, म्हणजे बाराखडी. मग जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली कसं लटकतं ते. ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए वेगळे, यावर तो आठवडाभर अडला होता. मी त्याला बसच्या पाट्या आणि दुकानांचे बोर्ड वाचायला लावायचो. आठवीत गेला तेव्हा धडा सावकाश का होईना, वाचत होता.

घरात एक पक्कं ठेवलं: मराठीचा अभिमान आणि कन्नडचा अभ्यास यांत भांडण लावायचं नाही. त्यानं एसएसएलसी, म्हणजे कर्नाटक बोर्डाची दहावी दिली तेव्हा 625 पैकी 325 मार्क तीन भाषांचे होते, त्यात पहिली भाषा मराठीचे 125. दोन्हीकडं लक्ष देणं भागच होतं. आजी मात्र पेढे घेताना म्हणाल्या, ‘बोलतो छान ओ, अक्षर अजून सुधारायला पाहिजे.’

गणित शिक्षिका, हायस्कूल

मराठी माध्यमातून थेट आठवीला इंग्रजीत टाकलेली मुलं माझ्याकडं येतात. लसावि चटकन काढतात, पण फळ्यावर ‘एलसीएम’ लिहिलं की गप्प. मी पहिल्या महिन्यात मराठीतलं उत्तर चालवून घेते, वहीच्या मागच्या पानावर शब्दांच्या जोड्या लिहायला लावते. तरी माझं मत विचाराल तर शाळा, बस, शिक्षक सगळं एकदम बदलत असताना माध्यमही बदलू नये. बदलायचंच तर सहावीला बदला, नाहीतर दहावी मराठीतूनच होऊ द्या.

पीयूसीचा (अकरावी-बारावी) विद्यार्थी, येळ्ळूर

मला वर्गशिक्षकांनी पहिल्या आठवड्यात फळा पुसायचं आणि खडू आणायचं काम दिलं. स्टाफरूममध्ये जायची भीती त्यानं गेली. एवढंच.

काका, निपाणी

कागदांचं सांगतो. भाऊ बाहेरगावी, म्हणून पुतणीची धावपळ मीच केली. दाखल्यावर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, सॅट्सच्या (विद्यार्थ्यांची सरकारी ऑनलाइन यादी) नोंदीत तिसरं. आठवीत लक्षात आलं म्हणून निभावलं, पुढं एसएसएलसीच्या मार्ककार्डावर तेच नाव उतरतं. दाखला हातात पडताच सगळी नावं जुळवा. जात-उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीत (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) जूनमध्ये गर्दी व्हायच्या आधी काढा. आणि आठवीतच एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीची परीक्षा असते, निवड झाली तर नववीपासून वर्षाला 12,000 रुपये मिळतात. त्यालाही उत्पन्नाचा दाखला लागतो, तेव्हा झेरॉक्स जपून ठेवा.