मदत हवी आहे: पित्ताची गोळी एआरमध्ये (ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी: फोनच्या कॅमेऱ्यातून समोरच्या जागेत त्रिमितीय चित्र दिसणं) कशी दाखवू?

नमस्कार मंडळी,

मी डी. फार्मच्या मुलांना फार्माकॉलॉजी शिकवते. ओमेप्राझोल, म्हणजे पित्तावरचं नेहमीचं औषध, आलं की दरवर्षी तेच. गोळी पोटात पडते आणि तिथलं आम्ल मारते, हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. अहो, ते काम अँटासिडचं! ओमेप्राझोलच्या कॅप्सूलमधल्या दाण्यांवर आम्लाला दाद न देणारं आवरण असतं. ते जठर तसंच ओलांडतात, लहान आतड्यात विरघळतात, औषध रक्तात जातं आणि रक्तातून फिरून जठराच्याच भिंतीत, मागच्या दाराने, आम्ल बनवणाऱ्या पॅरायटल पेशीत शिरतं. पेशीत आम्ल जिथे सोडलं जातं तिथे पोचल्यावरच त्याचं रूप बदलतं आणि ते प्रोटॉन पंपाला, म्हणजे आम्ल बाहेर ढकलणाऱ्या प्रथिनाला, घट्ट चिकटतं. म्हणून रक्तातलं औषध तासाभरात निम्म्यावर आलं तरी परिणाम दिवसभर टिकतो. चालू पंपालाच ते धरतं आणि पंप चालू होतात जेवणाने, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास. हे 'का' कळलं नाही, तर उद्या काउंटरवर उभी राहून हीच पोरं 'जेवल्यावर घ्या' सांगून मोकळी होणार.

फळ्यावर बाण काढून झाले, व्हिडिओही दाखवला. पण व्हिडिओत कुठून बघायचं ते दुसऱ्याने ठरवलेलं असतं. मला हवंय ते असं: छापील चित्रावर मोबाइल धरला की जठराच्या भिंतीचा तुकडा टेबलावर उभा राहावा आणि मुलाने स्वतः पलीकडे जाऊन रक्तवाहिनीची बाजू बघावी. हेडसेटचं नाव काढायची सोय नाही, ऐपत तेवढी नाही. अ‍ॅपही नको, निम्म्या मुलांचे फोन रील्सनी भरलेले. ब्राउझरमध्येच चालायला हवं.

पेशी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केली, ब्राउझरमध्ये एआर दाखवणारं एआर.जेएस आणि कॅमेऱ्याला ओळखण्यासाठी काळ्या चौकटीचा मार्कर वापरला. चाललं, पण मॉडेल सारखं थरथरतं, आणि ट्यूबलाइटची तिरीप लॅमिनेशनवर पडली की गायबच. दुसरी अडचण मोठी आहे. जठर, पेशी आणि पंप एकाच दृश्यात झूम करून दाखवले तर मुलांना पंप पेशीएवढा वाटतो. एक गैरसमज काढायला जाऊन दुसरा पेरायचा नाही. जाणकारांनी सुचवा.

प्रतिसाद – खलबत्ता
लॅमिनेशन काढा आधी, मॅट कागदावर छापा. मग एआर.जेएसऐवजी माइंडएआर वापरून बघा, तेही ब्राउझरमध्येच चालतं, त्याला चौकटीचा मार्कर लागत नाही, तुमचं चित्रच ओळखतं. फक्त चित्रात बारीक तपशील भरपूर हवा. मोकळ्या पांढऱ्या जागेवर त्याला काही सापडत नाही. थरथरीसाठी त्यात 'फिल्टरमिनसीएफ' नावाची सेटिंग आहे. ते कमी केलं की मॉडेल स्थिर होतं, पण किंचित मागून येतं. तेवढं चालवून घ्या. वेबपान एचटीटीपीएसवर (सुरक्षित पत्त्यावर) नसेल तर कॅमेरा उघडणार नाही.

प्रतिसाद – उंबरठा
झूम नकोच. तीन चित्रं छापा, तीन वेगळ्या पानांवर: धड, भिंत, पंप. पान उलटलं की मोजमाप बदललं, हे हातालाच कळतं. भिंतीच्या दृश्यात रक्तवाहिनीत लाल पेशी सोडा, ७-८ मायक्रोमीटरची, म्हणजे बाजूच्या पॅरायटल पेशीचा अंदाज येतो. पंप स्वतः घडवू नका. प्रोटीन डेटा बँक या प्रथिनांच्या रचनांच्या ऑनलाइन संग्रहात त्याची रचना मिळेल, ती कायमेराएक्स या रेणू दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून थेट जीएलबी (त्रिमितीय मॉडेलची) फाइल काढता येते. नुसती पृष्ठरचना, म्हणजे बाहेरचा आकार, घ्या, सगळे अणू घेतलेत तर स्वस्तातले फोन मान टाकतील.

आणि मुलांना 'आवडलं का' विचारू नका, आवडणारच. धडाची कोरी बाह्यरेषा देऊन गोळीचा मार्ग काढायला लावा, आधी एकदा, नंतर एकदा.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. तीन पानांची कल्पना लगेच घेते. मार्गाची चाचणी महिन्याने पुन्हा घेईन, कारण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनाच आठवतं. आता एकच: आयफोनवर माइंडएआर कुणी चालवलंय का? वर्गात मोजकेच आहेत, पण गटात एक तरी येतोच.