बाबांचं व्हॉट्सअ‍ॅप माझ्या लॅपटॉपवर उघडं राहिलंय. बघू की विचारू? सल्ला हवा आहे

नमस्कार. पोस्ट मोठी आहे, पण मधलं गाळलं तर चित्र अर्धवट राहील, म्हणून सगळं लिहितेय.

बाबा ७१ वर्षांचे, महापालिकेतून निवृत्त. आईला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून गिरगावातल्या चाळीत एकटेच राहतात. मी ठाण्याला. आमच्याकडे चला म्हणून कितीदा सांगितलं, पण चौपाटीवरचा संध्याकाळचा कट्टा त्यांना सोडवत नाही. निदान मला तसं वाटत होतं. मागच्या आठवड्यात कट्ट्यावरच्या एका काकांचा फोन आला, "अगं, दिवाळीनंतर फिरकलेच नाहीत, तब्येत बरी आहे ना?" आणि मला बाबा रोज फोनवर सांगत होते, आत्ताच चौपाटीवरून आलो.

माझे बाबा खोटं बोलत नाहीत हो. लोकलचा पास कालच संपला होता हे घरी आल्यावर लक्षात आलं, तर दुसऱ्या दिवशी चर्नी रोडला एक जादा तिकीट काढून फाडून टाकणारा माणूस आहे हा.

रविवारी जाते तेव्हा मोबाइल उशीखाली असतो. नऊ वाजले की इअरफोन लावून गॅलरीच्या टोकाला खुर्ची टाकतात. चाळीत एकाचं बोलणं दहा जणांना ऐकू जातं, म्हणून बोलत नाहीत, नुसतं ऐकतात आणि टाइप करतात. मी जवळ गेले की स्क्रीन बंद. मोबाइलचं लॉक मीच लावून दिलं होतं, तेही बदललंय.

त्यात जानेवारीत बँकेचा ईमेल आला. बाबांना ईमेल नाही, म्हणून सगळीकडे माझाच दिलेला आहे, आणि ठेवींवर दुसरं नावही माझं आहे. अडीच लाखांची एफडी मुदतीआधी मोडली. फोनवर विचारलं तर म्हणाले, "दुसरीकडे जास्त व्याज मिळतंय." कुठे, ते सांगितलं नाही.

आता मूळ अडचण. तीन आठवड्यांपूर्वी मेडिक्लेमचे कागद डाउनलोड करायला त्यांचं व्हॉट्सअ‍ॅप माझ्या लॅपटॉपला जोडलं होतं. काढायचं राहून गेलं. परवा लॅपटॉप उघडला आणि समोर बाबांची सगळी यादी. दोन अनोळखी ग्रुप, रोज शेकडो मेसेज. आणि सगळ्यात वर पिन केलेलं एका बाईंचं नाव, शेवटचा मेसेज "शुभ रात्री". दीड मिनिटभर पाहिलं असेल, उघडलं काहीच नाही. धाडकन लॅपटॉप मिटला. तेव्हापासून मन खातंय.

उघडलं तर आत्ता पाच मिनिटांत सगळं कळेल आणि बाबांना पत्ताही लागणार नाही. नवरा म्हणतो, यात विचार कसला करतेस, पैशाचा मामला आहे, बघून टाक, शिवाय त्यांच्या मोबाइलमध्ये लक्ष ठेवायचं एखादं अ‍ॅप टाक. त्याचंही चूक नाही, त्याला काळजी आहे. पण कॉलेजात असताना माझ्या नावाने आलेलं एक पत्र बाबांनी न फोडता माझ्या टेबलावर ठेवलं होतं. कोणाचं आहे ते त्यांना पाकिटावरूनच कळलं असणार. मी काय करू?

— गिरगावची लेक

प्रतिसाद, निवृत्त_शाखाधिकारी:

ताई, आधी पैशाचं बोलतो, कारण ते थांबत नाही. निवृत्त माणूस, नवे ग्रुप, जास्त परतावा, मोडलेली एफडी. बँकेत असताना शेवटच्या काही वर्षांत हे मी काउंटरवर पाहिलं आहे. ग्रुपमध्ये एक "सर" असतात, त्यांची एक सहायक असते, बाकीचे नफ्याचे स्क्रीनशॉट टाकत राहतात. ते बहुतेक त्यांचेच लोक. लिंक पाठवून एक अ‍ॅप उतरवायला लावतात, त्यात आकडे रोज वाढलेले दिसतात. सुरुवातीला थोडी रक्कम काढूही देतात, विश्वास बसतो तो तिथेच. मोठी रक्कम काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा".

खरं-खोटं ओळखायला बाबांचा मोबाइल बघायची गरजच नाही. शेअर खरोखर घेतले असतील तर ते डीमॅटमध्ये, म्हणजे शेअर ठेवायच्या इलेक्ट्रॉनिक खात्यात येतात, आणि ज्या महिन्यात व्यवहार झाला त्याचं एकत्रित स्टेटमेंट ही खाती सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थेकडून नोंदवलेल्या ईमेलवर येतं. ईमेल तुमचा आहे. आलंय का? दुसरं, सल्ला देणाऱ्याकडे सेबीची, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची नोंदणी लागते. गुंतवणूक सल्लागाराचा क्रमांक आयएनएने सुरू होतो, रिसर्च अ‍ॅनालिस्टचा आयएनएचने, आणि सेबीच्या साइटवर नाव पडताळता येतं. तिसरं, पैसे कोणाच्या खात्यात गेले? ब्रोकरऐवजी भलत्याच "ट्रेडर्स" किंवा "एंटरप्रायझेस"च्या चालू खात्यात गेले असतील तर समजून जा.

तसं निघालं तर १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, ताबडतोब फोन करा. पैसे एका खात्यातून दहा खात्यांत फिरतात. वाटेत जे शिल्लक असेल तेवढंच गोठवता येतं, म्हणून एक-एक तास मोलाचा.

प्रतिसाद, अबोली_के:

नवरा म्हणतोय त्या लक्ष ठेवायच्या अ‍ॅपबद्दल लिहायलाच हवं. अशी अ‍ॅप बसवताना आधी मोबाइलची सुरक्षा तपासणी बंद करायला सांगतात, मग स्क्रीनवरचं सगळं वाचायची परवानगी मागतात. म्हणजे बाबांचे बँकेचे ओटीपी कोण्या तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर. फसवणुकीच्या भीतीने तुम्हीच दार उघडून द्याल. शिवाय दुसऱ्याच्या मोबाइलमध्ये त्याच्या परवानगीशिवाय असं काही करणं आयटी कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली येऊ शकतं, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लेक म्हणून सूट नाही.

प्रतिसाद, डोंबिवलीकर_आजोबा:

मी तुझ्या वडिलांच्याच वयाचा, म्हणून अगं-तुगं करतो.

माझ्या मुलाने असंच माझं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या कॉम्प्युटरला जोडलं होतं. मला सेटिंगमध्ये "लिंक्ड डिव्हाइसेस" उघडल्यावर एक अनोळखी विंडोज दिसलं. लपवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, शाळेतले मित्र होते आणि गुडघ्याच्या गोळ्यांची चौकशी. पण त्या दिवसापासून मी त्याला काही सांगेनासा झालो. भांडलो नाही. नुसतं सांगणं बंद झालं. पुढे खरंच एका माणसाने मला वीजबिलाच्या नावाने चाळीस हजारांना फसवलं, तेव्हाही मी मुलाला फोन केला नाही. केला असता तर त्याच दिवशी तक्रार झाली असती.

तुला जे हक्काने कळलंय त्यावर विचार. एफडीचा ईमेल तुझ्याकडे आला, त्यावर तुझं नाव आहे. कट्ट्यावरच्या माणसाने तुला आपणहून सांगितलं. एवढं पुरे आहे. लॅपटॉपवर दिसलं ते तुझं नाही. ते जोडलेलं आहे हे त्यांना सांग आणि त्यांच्यासमोर काढ. फोनवर नको, जाऊन बोल.

गिरगावची लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. ईमेल शोधला. डीमॅटचं एकही स्टेटमेंट नाही. ते कळल्यावर पोटात गोळाच आला. रविवारची वाट न बघता त्याच संध्याकाळी निघाले, दादरला गाडी बदलून चर्नी रोड.

लॅपटॉप घेऊनच गेले होते. आधी त्याचंच सांगितलं. बाबांनी एकच विचारलं, "वाचलंस?" म्हटलं, नावं दिसली, उघडलं काही नाही. त्यांच्यासमोर लॉगआउट केलं. मग एफडीचा ईमेल दाखवला, आणि डीमॅटचं स्टेटमेंट माझ्याकडे आलेलं नाही हेही सांगितलं. ते उठले, चहा टाकला, माझ्या पुढ्यात ठेवला आणि काहीच बोलले नाहीत. मी तासभर बसले. शेवटी निघाले. खूप वाईट वाटत होतं, वाटलं उगाच आले.

चर्नी रोडच्या प्लॅटफॉर्मवर होते तेव्हा फोन आला. "ते स्टेटमेंट म्हणालीस ते प्रत्येकालाच येतं का?" मी हो म्हटलं. बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "गाडी आली नसेल तर परत ये."

निवृत्त_शाखाधिकारी, तुम्ही लिहिलंत तसंच निघालं. एफडीचे अडीच लाख आणि पेन्शनमधले साठ हजार. अ‍ॅपमध्ये सात लाख दिसत होते. डिसेंबरात पेन्शनच्या पैशांवर "नफा" म्हणून पाच हजार काढू दिले होते, त्यातून संक्रांतीला माझ्या मुलीला घड्याळ घेतलं. दुसऱ्याच दिवशी "टॅक्स" म्हणून आणखी ऐंशी हजार भरायचे होते, त्यासाठी ते दुसरी ठेव मोडणार होते. ती वाचली. कट्ट्यावर का जात नव्हते, तर तिथे दोघांना त्यांनीच या ग्रुपचं सुचवलं होतं आणि आता त्यांना तोंड दाखवायची लाज वाटत होती. त्या दोघांनी सुदैवाने पैसे घातले नव्हते.

आणि हे सगळं कशासाठी? आईच्या वेळी हॉस्पिटलचं बिल माझ्या नवऱ्याने भरलं होतं. जावयाचे पैसे परत करायचे होते. आम्ही कधी विषयसुद्धा काढला नव्हता.

रात्री सव्वादहाला गॅलरीतूनच १९३० लावला. बाबाच बोलले, शेजारपाजारच्यांना सगळं ऐकू जात होतं तरी. तक्रारीचा क्रमांक मिळाला. सकाळी बँकेत अर्ज दिला. किती गोठवलं गेलं ते अजून कळलेलं नाही. अ‍ॅप काढून टाकायला मी निघाले होते, पण बाबाच म्हणाले, आधी स्क्रीनशॉट घेऊ, पुरावा आहे तो.

ती "सहायक" म्हणवणारी बाई वेगळीच निघाली. पिन केलेल्या नावाबद्दल बाबा काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही. नवऱ्यालाही ते नाव सांगितलेलं नाही.

आता एक मदत हवी आहे. उद्या सायबर पोलीस ठाण्यात जायचंय. बँकेचं स्टेटमेंट, तक्रारीचा क्रमांक आणि बाबांचं आधार घेतलंय, आणखी काय न्यावं लागतं? चॅटचे स्क्रीनशॉट बाबा स्वतः काढतायत, त्यांना आज रात्रभर लागेल असं दिसतंय.