संनियंत्रण, नियंत्रण की नुसतं "धरून ठेव"? कंट्रोलला मराठीत नेमकं काय म्हणायचं

पॅनेलवाला, सातपूर

मंडळी, एका शब्दाने माझी पार वाट लावलीये म्हणून इथे विचारतोय. माझं काम पॅनेलचं, पीएलसी (मशीन आपोआप चालवणारा छोटा कॉम्प्युटर), स्काडा (सगळं पडद्यावर दाखवणारं सॉफ्टवेअर) आणि त्याबरोबर येणारी वायरिंगची कटकट. दिंडोरीकडच्या एका वायनरीत (नाव राहू द्या) टाक्यांच्या तापमानाचं ऑटोमेशन करून दिलं. टाकीला बाहेरून जॅकेट, जॅकेटमधून गार ग्लायकॉल फिरतं, आत तापमान मोजणारा पीटी-१०० आरटीडी, सेटपॉइंट (म्हणजे ठरवलेलं तापमान) १५, तापमान १५.५ ला गेलं की ग्लायकॉलचा सोलेनॉइड वॉल्व्ह उघडतो, १४.५ ला आलं की बंद, म्हणजे घरच्या फ्रीजपेक्षा अवघड काहीच नाही.

मालक म्हणाले ऑपरेटर सगळे आसपासच्या गावचे आहेत, एसओपी (काम कसं करायचं त्याच्या लेखी सूचना) मराठीत द्या. दिली. इंग्रजीत जिथे "मॉनिटर" होतं तिथे मी सरकारी परिपत्रकात असतो तो शब्द घातला, संनियंत्रण. वाक्य असं, "किण्वन चालू असताना ऑपरेटरने टाकीच्या तापमानाचे सतत संनियंत्रण करावे." आता ऑफिसात जो फायनल टाईप करत होता त्याला वाटलं "सं" चुकून पडलाय, त्याने तो उडवला. राहिलं काय, "सतत नियंत्रण करावे".

रात्रपाळीच्या पोराने ते वाचलं, सिलेक्टर ऑटोवरून मॅन्युअलला घेतला आणि इमानदारीत नियंत्रण करायला लागला. वॉल्व्ह उघडला, तेवढ्यात पलीकडच्या टाकीचा पंप गळायला लागला म्हणून तिकडे पळाला आणि तिकडेच अडकला. सकाळी टाकी ८ अंशावर. यीस्ट गारठून झोपलं, बुडबुडे बंद. नंतर टाकी हळूहळू गरम करून यीस्टला उठवण्यात तीन दिवस गेले आणि शिव्या खाल्ल्या त्या पोराने. मला विचाराल तर त्याने जे लिहिलं होतं तेच केलं.

तर प्रश्न असा, मॉनिटर आणि कंट्रोल या दोघांना असे शब्द द्या की जे एका अक्षराने एकमेकांत घुसणार नाहीत आणि रात्री २ वाजता झोपेतसुद्धा कळतील.

शिफ्टवाला, अंबड

भाऊ पहिली चूक तुझी, संनियंत्रण हा शब्द आयुष्यात कोणी तोंडाने बोललेला मी ऐकला नाही. आमच्याकडे हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्या आहेत, २२ वर्षं झाली, नियंत्रण म्हणणारा एक माणूस भेटला नाही. पोरं काय म्हणतात सांगू? "८५० ला धरून ठेव." "धरलं का? हो धरलंय." "अरे सोडलं बघ, दार उघडं राहिलं वाटतं." थर्मोकपल (भट्टीचं तापमान मोजणारं) सैल झालं की "धरतच नाहीये". बस, एवढ्यात सगळं येतं.

आणि कंट्रोल म्हणशील तर आमच्या आईच्या तोंडी कंट्रोल म्हणजे रेशनचं दुकान. "कंट्रोलचा तांदूळ आलाय का बघ." युद्धाच्या काळात धान्यावर कंट्रोल आला तो शब्द दुकानालाच चिकटला. गावाकडून आलेल्या नव्या पोराला कंट्रोल रूम म्हटलं की अजून हसतो.

मास्तर, पंचवटी

शिफ्टवाले भाऊ, तुम्ही जे म्हणालात ते वाचून मी खुर्चीवरून उठलो, कारण तुमची पोरं नकळत थेट मुळावर बोट ठेवतायत.

नियंत्रण, यंत्र, नियम, संयम, या सगळ्यांच्या पोटात संस्कृत "यम्" धातू आहे. त्याचा अर्थ आवरणं, धरून ठेवणं. (धातुपाठात "यत्रि" असा वेगळा धातूही दिलाय, पण अर्थ आवळण्याचाच.) यंत्र म्हणजे आज आपण मशीन म्हणतो, पण मुळात ज्याने एखादी गोष्ट बांधून, धरून ठेवता येते ते साधन. फिरणं, धावणं, धूर सोडणं हे सगळं नंतर आलं. म्हणजे गंमत बघा, आपल्या भाषेत मशीन या शब्दातच कंट्रोल आधीपासून बसलेला आहे.

पुढची गंमत अजून मोठी. "यन्तृ" म्हणजे घोड्यांचे लगाम धरणारा सारथी, माहुतालाही यंता म्हणत. त्याला "अभि" लावून अलीकडच्या काळात आपण "अभियंता" केला. म्हणजे पॅनेलवाले, तुम्ही नुसते अभियंता म्हटलात तरी लगाम धरणारेच, वर नियंत्रण अभियंता म्हटलं की दोनदा लगाम धरला! पीडब्ल्यूडीच्या शाखा अभियंत्याला हे सांगून बघा, खूश होईल.

माझं मत मात्र नियंत्रण टाकू नये असं आहे. चांगला, बांधेसूद शब्द आहे. दोष संनियंत्रणाचा. "सं" लावून बघण्याचा अर्थ कुठून येतो हे मला आजवर कळलेलं नाही.

इन्स्ट्रुमेंटेशनवाली, सिन्नर

मास्तर, तुमच्यासमोर बोलायचं म्हणजे जरा भीती वाटते पण इंग्रजी कंट्रोल पण धुतल्या तांदळाचा नाही बरं का. तो मुळात हिशेबाचा शब्द, लॅटिन "काँट्रारोट्युलस", म्हणजे वहीला ताडून बघायची दुसरी वही. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंच माणूस आजही "कोंत्रोल" म्हणतो तेव्हा बऱ्याचदा तपासणीच म्हणत असतो, तिकीट चेकर असतो तसं. म्हणजे बघणं आणि आवरणं हा गोंधळ त्या शब्दात पहिल्यापासून आहे, आपण नुसता आयात केला.

आणि तिकडे सारथी नाही, नावाडी आहे. ग्रीकमध्ये सुकाणू धरणाऱ्याला "कुबेर्नेतेस", त्याचंच लॅटिन होऊन पुढे गव्हर्नर झालं, जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला लावला तो दोन गोळेवाला गव्हर्नर, आणि नॉर्बर्ट वीनरने १९४८ मध्ये सायबरनेटिक्स हे नाव घेतलं तेही त्याच नावाड्यावरून. पीआयडीचं (आजच्या बहुतेक कंट्रोलरमध्ये असतं त्या सूत्राचं) पहिलं नीट गणित १९२२ मध्ये मिनोर्स्कीने मांडलं ते कशावर, तर जहाज सरळ कसं ठेवायचं यावर, सुकाणूवरचा अनुभवी माणूस काय करतो ते बघून. तो माणूस नुसतं आत्ता किती चुकलंय एवढंच बघत नव्हता, किती वेळ चुकतंय आणि कुठल्या वेगाने चुकत चाललंय तेही बघत होता. पी, आय, डी, झालं.

आता शिफ्टवाले दादांना माझा एक आक्षेप. "धरून ठेव" १५ अंशाला ठीक, ८५० च्या सोकिंगला (त्याच तापमानाला मुरवत ठेवणं) ठीक. पण रॅम्पचं काय? भट्टी तासाला १०० अंशाने चढवत न्यायची असते तेव्हा सेटपॉइंटच पळत असतो, पळत्याला धरून ठेव कसं म्हणणार? कॅस्केडमध्ये, म्हणजे एकावर एक दोन कंट्रोलर लावलेले असतात तिथे, तर वरचा लूप खालच्याचा सेटपॉइंट सारखा हलवतो.

बाकी पर्याय मी चाळून बघितले. "ताबा" मध्ये मालकी येते, प्लॉटचा ताबा. "काबू" म्हटलं की समोर बैल दिसतो. "आटोक्यात" हा आग लागल्यावरचा शब्द, लूप चांगला चाललाय तेव्हा कोणी म्हणेल का की तापमान आटोक्यात आहे, म्हटलं तर मालक धावत येईल.

शिफ्टवाला, अंबड

ताई रॅम्पला पण धरूनच म्हणतो आम्ही. "सेटपॉइंटला धरून चाललंय ना?" जसं रस्ता धरून चाल, विषयाला धरून बोल, सुराला धरून गा. पळत्याच्या मागे पळणं पण धरूनच असतं. आणि मागे पडलं की म्हणतो "सुटलं". हंटिंग करायला लागलं, म्हणजे सेटपॉइंटच्या वर-खाली होत राहिलं, की मात्र म्हणतो "झुलतंय", गेन (कंट्रोलरचा जोर) कमी कर.

इन्स्ट्रुमेंटेशनवाली, सिन्नर

बरं हे मला सुचलंच नव्हतं. आक्षेप मागे.

गंगाघाटावरून

मी इंजिनिअर नाही, माझं दुकान रामकुंडाजवळ आहे, पण वाचता वाचता वाटलं म्हणून लिहितो. पावसाळ्यात आम्ही सगळे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघत बसतो. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला लागलं, तशी आम्ही दुकानं आवरतो. मारुती पाणी अडवत नाही, किती आलंय तेवढं दाखवतो. अडवणं सोडणं वर गंगापूर धरणावर, तिथून किती क्युसेकचा विसर्ग ते ठरतं. दाखवणारा मारुती आणि धरणारं ते धरण. तुमचा तो पोरगा मारुती होता, त्याला तुम्ही धरणाच्या गेटवर उभं केलं.

इन्स्ट्रुमेंटेशनवाली, सिन्नर

दादा, तुम्ही एका ओळीत टीआय आणि टीआयसी सांगून टाकलं! ड्रॉइंगवर आमच्या टॅगची अक्षरं असतात, आयएसए ५.१ प्रमाणे, टी म्हणजे टेम्परेचर, आय म्हणजे दाखवणारा, सी आला की धरणारा. टीआय नुसता मारुती. टीआयसी मारुती अधिक धरण. एका "सी" चा फरक, आणि पॅनेलवाल्यांच्या एसओपीत एका "सं" चा. फक्त उलट्या बाजूने, तिथे अक्षर गळालं की बघण्याचं आवरणं झालं.

मास्तर, पंचवटी

आणि धरण "धृ" पासून, हे सांगायचं राहूनच गेलं. धृ म्हणजेही धरणंच. मी नियंत्रणाचा हट्ट सोडत नाही, पण शीर्षकात ठेवा आणि सूचनेत "धरून ठेवणे" लिहा, एवढी तडजोड मला चालेल. मॉनिटरला मात्र कृपा करून "लक्ष ठेवणे" लिहा. ते पहिलीतल्या पोरालाही कळतं.

पॅनेलवाला, सातपूर

सगळ्यांचे आभार. मला "लक्ष ठेवणे" बद्दल एक शंका होती, नियंत्रण पण "ठेवतात" आणि लक्ष पण "ठेवतात", परत एक शब्द उडाला की परत तोच घोळ. म्हणून "बघत राहणे" केलं. मास्तर, माफ करा, जरा बोली झालं, पण रात्री २ ला बोलीच कळते.

परवा प्लँटवर जाऊन जुनी एसओपी काढली आणि एचएमआयच्या (ऑपरेटरच्या पडद्याच्या) खाली लॅमिनेट करून हे चिकटवलं:

"तापमान १५ ला धरून ठेवणे हे मशीनचे काम. सिलेक्टर ऑटोवरच ठेवा. तुमचे काम बघत राहणे. १३ च्या खाली किंवा १७ च्या वर गेले तर हात लावू नका, फोन करा."

तोच रात्रपाळीचा पोरगा शेजारी उभा राहून वाचत होता. दोनदा वाचलं, मान हलवली. मग म्हणाला, "सर, सगळं समजलं. फोन कोणाला करायचा ते लिहिलं नाहीये."