आगीत जळालेली प्रतिकृती पुन्हा बांधायची कशाला?

बॉयलरचा_पोर

सध्या आई-बाबा माझ्याकडे एर्लांगेनला आलेत. बाबा कुर्डुवाडीच्या नॅरोगेज वर्कशॉपात बॉयलर फिटर होते, त्यामुळे आमच्या घरी देवळाआधी इंजिन बघायची रीत. गेल्या रविवारी न्यूर्नबर्गच्या रेल्वे म्युझियममध्ये 'आडलर' बघून आलो. जर्मनीतली पहिली वाफेची प्रवासी गाडी ७ डिसेंबर १८३५ ला न्यूर्नबर्गहून फ्यूर्टला गेली, ती आडलरने ओढली. पण ते आडलर हे नव्हे. अस्सल इंजिन इंग्लंडहून स्टीफन्सनच्या कारखान्यातून आलं होतं. १८५७ मध्ये त्याची चाकं काढून घेऊन उरलेलं धूड विकून टाकलं. पुढे शताब्दीसाठी १९३५ मध्ये प्रतिकृती बांधली. १७ ऑक्टोबर २००५ ला म्युझियमच्या शेडला आग लागली आणि त्यात तीही होरपळली. मग मायनिंगनच्या कारखान्यात नेऊन २००७ पर्यंत पुन्हा धावती केली. खर्च साधारण दहा लाख युरो, त्यातले दोनेक लाख लोकांच्या देणग्यांतून.

मला हे पटत नाही. त्याच आगीत ४५ ०१० आणि ०१ १५० सारखी खरीखुरी इंजिनं भाजली. आधी त्यांच्याकडे बघायचं सोडून नकलेची डागडुजी? तुमचं काय मत?

रूळ_मोजणारा

जरा हिशेब करा. अस्सल आडलर कामावर होतं १८३५ ते १८५७, म्हणजे २२ वर्षं. तुमची 'नक्कल' आग लागली तेव्हा ७० वर्षांची होती. आज कुणी ९० वर्षांचा वाडा पाडायला निघालं तर आपण 'वारसा वारसा' म्हणून ओरडतो ना?

आणि ०१ १५० सुद्धा नंतर दुरुस्त होऊन धावलंय. एकाच्या तोंडचा घास काढून दुसऱ्याला भरवला असं काही झालेलं नाही.

चष्मेवाली

वाड्याची उपमा चुकली. वाडा मी १७५० चा आहे असं खोटं सांगत नाही. हे इंजिन सांगतं. १९३५ मध्ये मूळ आराखडे हाताशी नव्हते. जुनी चित्रं आणि त्याच जातीच्या इतर इंजिनांची माहिती यांच्या आधाराने ते बांधलं. म्हणजे निम्मा अंदाजच.

शिवाय साल बघा. सप्टेंबर १९३५ मध्ये याच न्यूर्नबर्गमध्ये ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे कायदे जाहीर झाले आणि त्याच वर्षी तिथे हे इंजिन मिरवलं गेलं. रेल्वेची शताब्दी हा त्या राजवटीच्या देखाव्याचाही भाग होता. आता पाटीवर काय लिहायचं: १८३५, १९३५ की २००७? जळलेला सांगाडा तसाच ठेवला असता तर निदान तो तरी खरा होता.

रूळ_मोजणारा

जळकं लोखंड बघायला कुठलं पोर येणार हो?

शेडमधला

पाटीचा मुद्दा मान्य, तिन्ही सालं लिहावीत. पण 'अस्सल' या शब्दावर फार भिस्त ठेवू नका.

स्टीफन्सनचं 'रॉकेट' घ्या. १८२९ ची रेनहिलची शर्यत जिंकलेलं खुद्द इंजिन जपलेलं आहे, कुठलीही नक्कल नाही. पण ते शर्यतीत धावलं तेव्हा त्याचे सिलिंडर चांगले तिरके चढवलेले होते. त्याने इंजिन हेलकावे खायचं, म्हणून थोड्याच दिवसांत ते जवळजवळ आडवे केले. पुढे आणखी फेरफार झाले. त्यामुळे रेनहिलला लोकांनी काय पाहिलं हे कळायला आज १९७९ च्या प्रतिकृतीकडेच जावं लागतं. अस्सल इंजिन आपलं म्हातारपण दाखवतं, तारुण्य नकलेत उरलंय.

दुसरं म्हणजे हात. मायनिंगनसारखे मोठे वाफेचे बॉयलर नव्याने बांधू शकणारे कारखाने युरोपात बोटांवर मोजण्याइतके उरलेत. ब्रिटनमध्ये २००८ मध्ये वाफेवर आलेलं नवं कोरं 'टॉर्नेडो', त्याचाही बॉयलर तिथलाच. असली कामं मिळत राहिली नाहीत तर कारागीर निवृत्त होतील, आणि मग तुमचं अस्सल ४५ ०१० तरी कोण उघडणार?

ठाणेकर

जर्मनांचं ते बघतील. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला १४ डबे, ४०० माणसं घेऊन गेलेली साहिब, सिंध आणि सुलतान कुठे आहेत? एकही उरलं नाही. व्हल्कन फाउंड्रीने बांधलेल्या त्या इंजिनांपैकी एक तरी पुन्हा बांधा, मी पहिली देणगी देतो.

चष्मेवाली

द्या, आणि मिळेल काय ते ऐका. २०२३ मध्ये एकतानगर-अहमदाबाद हेरिटेज गाडी सुरू झाली. इंजिनाचं रूप वाफेचं, आत वीज. आपल्याकडे साहिबचंही हेच सोंग होणार.

ठाणेकर

सोंग तर सोंग, ताई. ठाण्याच्या पोरांना निदान आकार तरी दिसेल.

शेडमधला

नको! तसलं असेल तर थर्माकोलचं करा, स्वस्तात पडेल. आग पेटत नाही, पाणी उकळत नाही, मग फायरमनने करायचं काय? तिकिटं फाडायची?

बॉयलरचा_पोर

अख्खा धागा बाबांना वाचून दाखवला. म्युझियममधलं एक सांगायचं राहिलंच होतं. मी पाटी वाचत होतो तेव्हा बाबा दोरीपाशी वाकून फायरबॉक्सकडे बघत होते. त्यांच्या वेळी स्टे, म्हणजे फायरबॉक्सचे पत्रे धरून ठेवणारे दांडे, तपासायला हातोडीने एकेक ठोकत जायचे. शाबूत असेल तर खणखणीत वाजतो, तुटलेला असेल तर बद्द. "हातोडी असती तर एका मिनिटात सांगितलं असतं," म्हणाले. मी म्हटलं, "बाबा, हे १८३५ चं नाहीच." तर मला म्हणतात, "ते तू बघ. पेटतंय ना?"

दहा लाख युरो मला अजूनही जास्तच वाटतात. पण कारागिरांचा मुद्दा शेडमधलाकाकांनी बरोबर पकडलाय. कुर्डुवाडीत बाबांच्या हाताखाली शिकलेला शेवटचा पोरगा आता बार्शीत मोबाइल दुरुस्त करतो.

पाटी मात्र सोडणार नाही. तिन्ही सालं, आणि एकाच आकाराच्या अक्षरात.

चष्मेवाली

पत्र लिहा ना मग म्युझियमला. जर्मन तुम्हालाच येतं इथे.